कालचक्र आणि चोवीस भाग

अद्भुत कादंबरीवरून चित्रमालिका निघाली कीं मूळ ग्रंथाचे भक्त पुस्तक मांडीवर घेऊन बसतात आणि कोणता प्रसंग गळला, कोणतें पात्र बदललें याची झडती घेतात. 'दि व्हील ऑफ टाइम' या मालिकेच्या वांट्यास ही झडती पुरेपूर आली. रॉबर्ट जॉर्डन यांनीं १९९० सालीं पहिला खंड प्रसिद्ध केला. २००७ सालीं ते वारले तेव्हां कथा अपुरीच होती. त्यांच्या टिपणांच्या आधारें ब्रँडन सँडरसन यांनीं शेवटचे तीन खंड सिद्ध केले आणि २०१३ सालीं चौदावा खंड बाहेर पडला. एवढा पसारा रेफ जडकिन्स यांच्या देखरेखीखालीं २०२१ पासून अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर दिसूं लागला. आठ-आठ भागांचीं तीन पर्वें झालीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांत मालिका बंद झाल्याचें जाहीर झालें. कथा तेव्हां चौथ्या खंडाच्या आसपास होती.

गळलेल्या प्रसंगांचें आम्हांस दुःख नाहीं. मूळ ग्रंथाच्या चाहत्यांनीं क्षमा करावी, परंतु दहाव्या खंडांत कथा इतकी मंदावते कीं तेथें कोणी कात्री चालविली असती तर आम्हीं त्याचे आभारच मानले असते. आमचा प्रश्न निराळा आहे. या ग्रंथाची लांबी हा त्याचा केवळ दोष आहे, कीं त्याच्या अर्थाचाच एक भाग आहे?

पेरिनचें उदाहरण घ्या. मूळांत हा लोहाराच्या हाताखालीं शिकणारा, अविवाहित तरुण. अंगानें धिप्पाड, आपल्या हातून कोणास इजा होईल या भीतीनें जपून वागणारा, सावकाश बोलणारा. आपण हातोडा धरावा कीं कुऱ्हाड, हा त्याचा प्रश्न पहिल्या खंडांत उद्भवतो आणि दहाव्यांत सुटतो: एका बंदिवानाचा हात तोडल्यावर तो आपली कुऱ्हाड टाकून चालता होतो. मधल्या हजारों पानांत वाचक या संकोचाशीं इतका परिचित झालेला असतो कीं त्या क्षणीं लेखकास कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं. मालिकाकारांनीं काय केलें? पहिल्याच भागांत पेरिनला एक पत्नी दिली आणि पशुमुखी राक्षसांशीं चाललेल्या झुंजींत त्याच्याच हातून चुकून तिचा वध करविला. त्या बिचारीला मरण्यापलीकडे कथेंत काम नाहीं. घरबसल्या पाहणारा प्रेक्षक कंटाळला तर बोटाच्या टोंकानें दुसरीकडे निघून जातो, ही मालिकाकारांची अडचण आम्ही जाणतों. पण स्वभावाच्या जागीं आघात ठेवल्यानें ती सुटली असें आम्हांस वाटत नाहीं.

पहिल्या पर्वाच्या विस्कळीत शेवटाबद्दल मात्र आम्ही फार बोलणार नाहीं. साथीमुळें चित्रण खोळंबलें आणि मॅटची भूमिका करणारा नट मध्येंच सोडून गेला. त्याचा सारा दोष रूपांतरावर टाकणें न्यायाचें नव्हे. शिवाय रोझामंड पाइक यांची मोइरेन ही निखालस मिळकत आहे. ग्रंथांत जिच्या मनांत आपणांस क्वचितच प्रवेश मिळतो, तिचा एकाकीपणा येथें डोळ्यांना दिसतो.

आणि मग तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग! रँड रुइडियन या निषिद्ध नगरांतील कांचेच्या स्तंभांमधून चालतो आणि आपल्या एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनीं पाहूं लागतो. पावलें पुढें पडतात, काळ मागें सरकतो. लढण्यांत जन्म काढणारी एईल जमात एके काळीं शस्त्रास न शिवण्याच्या व्रतानें बांधलेली होती, आणि तिच्या प्रत्येक नायकास हें सत्य सोसूनच नायक व्हावें लागतें. जोशा स्ट्राडोव्स्की हा एकच नट त्या पूर्वजांचीं रूपें घेतो. युगांचें चक्र आपल्या वाचकास परकें नाहीं. पण तें फिरतांना माणसाला काय विसरावयास लावतें, हें आम्हीं पडद्यावर इतक्या स्पष्टपणें पूर्वीं पाहिलें नव्हतें. मूळांतील दोन प्रकरणांना येथें जवळजवळ अख्खा भाग दिला आहे. कोठें घाई नाहीं.

म्हणजे ही विद्या त्यांस अवगत होती. ती सांपडावयास वीस भाग लागले, आणि त्यानंतर चारच भाग उरले होते. ते पाहून झाल्यावर आम्हीं कपाटांतून चौथा खंड पुन्हां काढला. सध्यां पाचवा चालू आहे.