ठेवीदारांची निदर्शने आणि मागणीची भाषा : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांनी २०१९ साली मुंबईत केलेल्या शांततामय निदर्शनांची चिकित्सा करावयाची आहे. निदर्शने योग्य होती, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मागणीचा.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा प्रथम मिळाली. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती, असे तपासात पुढे आले. ठेवीदार शाखांपुढे, न्यायालयाबाहेर, रिझर्व्ह बँकेच्या दारात उभे राहिले. 'आमचे पैसे परत द्या', हीच त्यांची मुख्य मागणी होती. ज्याच्या घरातील औषधपाणी अडले आहे, त्याने आधी बँकिंग व्यवस्थेची मीमांसा करावी, अशी अपेक्षा अर्थातच अन्यायाची ठरेल. तथापि या मागणीत ठेवीदार नसलेल्यास स्थान नव्हते, हेही नाकारता येत नाही.

याउलट १९७० च्या दशकारंभी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली निघालेला लाटणे मोर्चा आठवावा. लाटणे कोणत्याही स्वयंपाकघरात असते. पासबुक मात्र ज्याचे त्याचे. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या, तेव्हा तेथील नागरिकही दर शनिवारी संसदेसमोर जमू लागले आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांनी भांडीच वाजविली. काहींनी दगडफेक केली असता इतर निदर्शकांनी पोलिसांपुढे उभे राहून त्यांना आवरले. त्यांची मागणी ठेवीपुरती नव्हती. सरकारने आणि बँक-नियामकांनी जबाबदारी घ्यावी, अशी होती. त्याच महिन्यात सरकार पायउतार झाले.

मुंबईची निदर्शने निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. १९९३ पासून एक लाखावर थांबलेले ठेव-विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. या बदलांचे सारे श्रेय निदर्शकांना देणे धाडसाचे होईल, परंतु त्यांच्या रेट्याशिवाय ते इतक्या लवकर घडले असते असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. बँक मात्र वाचली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली.

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावातून पाहता या यशाची सीमा अधिक स्पष्ट दिसते. हळद-सोयाबीनची पट्टी, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून दरमहा होणारी कपात, हा पैसा मोठ्या प्रमाणावर पतसंस्थांत जातो. ठेव-विम्याचा हा कायदा बँकांपुरता आहे. पतसंस्था, मग ती बहुराज्यीय का असेना, त्याच्या कक्षेत येत नाही. मुंबईच्या फलकांवर पतसंस्थेचा ठेवीदार नव्हता आणि दुरुस्तीतही तो आला नाही.