दोन महिन्यांत समुद्र मावत नाही

फेब्रुवारी-मार्च आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या मेलमधून येतो: "समुद्रविज्ञानात समर इंटर्नशिप कुठे मिळेल?" कुठे मिळेल याच्या याद्या भरपूर आहेत. मिळाल्यावर तिथे नक्की काय होतं, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. आज त्याबद्दल, आणि थोडं टीकेच्या सुरात.

मुद्दा सरळ आहे. दोन महिने, एक प्रोजेक्ट, एक रिपोर्ट, एक सर्टिफिकेट असा आपल्या इंटर्नशिपचा साचा ठरलेला आहे. लॅबच्या चार भिंतींत संपणाऱ्या प्रयोगांना तो चालून जातो. समुद्राच्या अभ्यासाला तो जसाच्या तसा लावला की विद्यार्थ्याचं नुकसान होतं.

आधी वेळापत्रक बघा. परीक्षा संपतात आणि मुलं मे ते जुलै इंटर्नशिपला जातात. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासळीची वीण आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं आहेत. छोटी बोट घेऊन पाण्याचे नमुने आणणंही याच दिवसांत सगळ्यात अवघड असतं. म्हणजे समुद्र शिकायला गेलेला विद्यार्थी नेमका किनाऱ्यावर बसून राहतो.

आता समुद्राचं स्वतःचं वेळापत्रक. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून गोव्यात कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन मोजमापं घेत आली आहे. अशा नोंदींतून दिसलेलं चित्र असं: पावसाळी वाऱ्यांच्या काळात खालचं, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं पसरतं. वरून पडणारे सेंद्रिय पदार्थ खाली कुजत राहतात आणि ऑक्सिजन आणखी घटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी तो जवळजवळ संपतो आणि पावसाळा सरल्यावर हळूहळू परत येतो. आपला विद्यार्थी १५ जुलैला सर्टिफिकेट घेऊन घरी जातो. गोष्ट तेव्हा कुठे सुरू झालेली असते.

पण रिपोर्टला तर 'निष्कर्ष' हवा! मग 'अमुक किनाऱ्याच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास' अशा धाटणीचं मोठं शीर्षक, त्याखाली चार-सहा नमुने आणि शेवटी 'प्रदूषण वाढत आहे' हे वाक्य. वाढत आहे म्हणायला आधीचा आकडा लागतो. तो कुठून आणला, हे व्हायवात सहसा कुणी विचारत नाही. इथे खरं नुकसान होतं. पुरावा छोटा असताना विधान मोठं करायची सवय विसाव्या-एकविसाव्या वर्षी लागते आणि पीएच.डी.पर्यंत टिकते.

तंत्रज्ञानाच्या बाजूलाही हेच. आर्गो फ्लोट घ्या. हे यंत्र सुमारे १००० मीटर खोलीवर वाहत राहतं, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जातं आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला कळवतं. हिशोब करा: ६० दिवसांत एका फ्लोटची ६ मोजमापं. एवढ्यावर कुठला निष्कर्ष काढणार? पण आर्गोचा वीसहून जास्त वर्षांचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, भारताच्या बाजूचं काम हैदराबादची इन्कॉइस संस्था बघते. त्यातल्या प्रत्येक आकड्याला दर्जाची खूण असते: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. एका फ्लोटची क्षारता कधीपासून भरकटली आणि ते कशावरून ओळखायचं, हा दोन महिन्यांत पूर्ण होणारा प्रामाणिक प्रश्न आहे. त्याला बोट लागत नाही, चांगला लॅपटॉप आणि डोकं लागतं.

लॅबमध्येही असं काम आहे. विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजताना बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी उत्तर बिघडतं. एकाच सॅम्पलरमधून भरलेल्या तीन बाटल्यांची उत्तरं किती जुळतात, एवढंच महिनाभर तपासलं तरी विद्यार्थी 'त्रुटी' हा शब्द आयुष्यभर विसरणार नाही. शीर्षक छोटं दिसेल, दिसू दे.

संस्थांचीही बाजू आहे. जहाजावर जागा मोजक्या, सुरक्षेचे नियम कडक, आणि दोन महिन्यांत निघून जाणाऱ्याच्या हाती महागडं उपकरण द्यायला कुणी धजावत नाही. मान्य. पण मग जाहिरातीत जहाजाचा फोटो कशाला? चालू असलेल्या दीर्घ नोंदींमधला एक छोटा तुकडा द्या आणि तसं आधीच सांगा.

आणि पैशांचं काय? काही ठिकाणी मानधन नाही, उलट फी घेतली जाते. पणजीच्या आसपास दोन महिने राहण्याखाण्याचा खर्च लातूर किंवा देवगडच्या मुलाला सहज झेपत नाही. त्यामुळे 'अनुभव आहे का?' हा प्रश्न बऱ्याचदा 'घरून पैसे मिळाले का?' असाच असतो. तीन विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपमध्ये मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. पण अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीलाच भरावा लागतो, मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

तेव्हा होकार देण्याआधी मार्गदर्शकांना मेलमध्ये चार गोष्टी नम्रपणे विचारा. मी कुठल्या डेटावर काम करेन, आणि तो आत्ता उपलब्ध आहे का? रोज कुणाच्या हाताखाली असेन? पाऊस लागला तर कामाचं काय? मी गेल्यावर माझं काम पुढे कोण वापरणार? शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं तर संस्थेचं नाव छोटं असलं तरी जा. 'आल्यावर बघू' असं आलं, तर आणखी एक-दोन ठिकाणी मेल टाकून ठेवा.