पडद्यावरील प्रभू आणि पाहणाऱ्याची दृष्टी

उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही कलबुरगी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा येथे होतो. मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर ऐकू यावी असा हा सीमाभाग. एका संध्याकाळी तेथे भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रभू येशूच्या जीवनावरील एक चित्रपट दाखविण्यात आला. ख्रिस्ती कुटुंबे थोडी. परंतु शेजारपाजारची मंडळीही मुलाबाळांसह येऊन बसली होती. आसुडाच्या फटक्यांच्या प्रसंगी बायांनी डोळ्यांना पदर लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशिक्षकाने मुलांना विचारले, काल काय पाहिले? मुलांनी आसूड सांगितला, खिळे सांगितले, आकाशातला काळोख सांगितला. प्रभू काय बोलला, कोणाच्या पंगतीला बसला, हे मात्र एकालाही सांगता येईना. यात मुलांचा दोष नव्हता. चित्रपटाने जे मन लावून दाखविले तेच त्यांनी मन लावून पाहिले होते.

विषय पवित्र असला म्हणजे चित्रपटही पवित्र होतो काय, असा प्रश्न यातून उभा राहतो. आमचे उत्तर नकारार्थी आहे. आणि ते देताना ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणुकीचाच आधार आम्हांस घ्यावयाचा आहे. मूर्ती व चित्रे यांविषयीच्या वादात दमास्कसच्या संत योहानाने प्रतिपादिले की, देव देहधारी झाला म्हणूनच त्याचे चित्र काढता येते. इ. स. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला की, चित्राला दिलेला मान चित्रात अडकून न राहता मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. चित्रपटाची कसोटीही हीच असावी. तो पाहणाऱ्याला त्या व्यक्तीपर्यंत नेतो, की स्वतःपाशीच थोपवून धरतो?

चित्रपटाविषयी ख्रिस्तसभा प्रथम बोलली ती राखणदाराच्या भाषेत. २९ जून १९३६ च्या ‘विजिलांती कूरा’ या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांचा मुख्य भर नीतिमत्तेच्या रक्षणावर होता. पुढे १९५७ चे ‘मिरांदा प्रोर्सुस’, १९६३ चा विश्वपरिषदेचा ‘इंतेर मिरिफिका’ हा आदेश आणि १९७१ चे ‘कोम्म्युनिओ एत प्रोग्रेसिओ’ या क्रमाने तो सूर संवादाकडे वळला. तथापि आपल्यातील पुष्कळांची दृष्टी अजून राखणदाराचीच आहे. आक्षेपार्ह दृश्य नाही, प्रभूचे नाव आहे, एवढ्यावर आपण समाधान मानतो.

वास्तविक या विषयाचा एक मूलभूत धडा मराठी मातीतच घडला आहे. १९११ च्या सुमारास त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. ही हकीकत सांगताना आपल्यापैकी काहीजण ती अभिमानाने सांगतात, काहीजण किंचित खंतीने. आमच्या मते तिचा अर्थ निराळा आहे. परमेश्वर माणसाच्या चालीने, माणसांच्या गर्दीतून चालताना दिसू शकतो, हे फाळके यांना त्या पटाने दाखविले. आणि लगेच त्यांना आपल्या माणसांची, आपल्या अंगणाची आठवण झाली. प्रेक्षक कोऱ्या डोळ्यांनी येत नाही.

त्यांच्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच ओळखले होते. १६१६ साली गोव्यात राशोल येथे प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी प्रभूची कथा ओवीत सांगितली. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या कानांना त्यांनी पुराणच दिले. शब्दाच्या क्षेत्रात आपणांस एवढा थोर पूर्वज लाभला असता, चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र आपण परक्यांच्या उसन्या पटांवर गुजराण करीत आलो.

भक्तीचा चित्रपट कसा असावा, हे पाहण्यास दूर जावयास नको. ज्या वर्षी रोमहून ‘विजिलांती कूरा’ निघाले त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत. परंतु चित्रपट उभा आहे तो चमत्कारांवर नव्हे, तुकोबांच्या घरावर. घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलात रमलेला, अशा संसाराचा भार जिजाई वाहते. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढीत देवळात नेते आणि देवावरच पायताण उगारते. पवित्र कथेत असा प्रसंग घालण्यास धैर्य लागते. जिजाईचा तो संताप ईयोबाच्या तक्रारीच्या जातीचा आहे: देव ऐकतो असा विश्वास असल्यावाचून कोणी देवाशी भांडत नाही. अखेरीस तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई संसारात मागे राहते. पण चित्रपट तिला लहान ठरवीत नाही. पंढरीची वाट ठाऊक असलेल्या आमच्या सीमाभागात हे समजावून सांगावे लागत नाही.

युरोपात याच्या तोडीचे उदाहरण म्हणजे पिएर पाओलो पासोलिनी यांचा १९६४ चा ‘संत मत्तयलिखित शुभवर्तमान’. दिग्दर्शक मार्क्सवादी, श्रद्धेचा दावा न करणारे. तरी त्यांनी आपली कृती पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केली. दक्षिण इटलीतील दरिद्री गावे, नट नव्हेत अशी साधी माणसे, आणि संवाद मत्तयाचेच. आरंभी गर्भवती मरिया व योसेफ एकमेकांकडे केवळ पाहतात, बोलत नाहीत. त्या दोन चेहऱ्यांतून योसेफाची व्यथा जितकी कळते तितकी लांबलचक भाषणाने कळली नसती. उतारवयातील मरियेचे काम पासोलिनी यांच्या स्वतःच्या आईने केले आहे. क्रुसाजवळ तिचा आक्रोश पाहताना आपण अभिनय पाहत आहोत याचा विसर पडतो.

१९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’, म्हणजे हिंदीतील ‘दयासागर’, यांच्या शेजारी ठेवून पाहावा. विजयचंदर यांच्या रूपाने त्याने प्रभूला भारतीय चेहरा दिला आणि खेड्यापाड्यांतील असंख्य लोकांनी तो भक्तीने पाहिला, हे त्याचे श्रेय आम्ही मोकळेपणे मान्य करतो. उणीव आम्हांस अशी जाणवते की, कोठे हळहळावे व कोठे हात जोडावे हे तेथे संगीत आधीच ठरवून देते. पाहणाऱ्याकडे काहीच काम उरत नाही. मग अश्रू येतात आणि अश्रूंबरोबर प्रसंगही वाहून जातो.

यावर कोणी म्हणेल, पासोलिनी खेड्यात कोण पाहील? शंका रास्त आहे. परंतु ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, तो पंडितांच्या गर्दीमुळे नव्हे. सामान्य माणसाला संयम समजतो. बहुधा आपल्यालाच त्याचा भरवसा नसतो.

धर्मबंधूंना व धर्मशिक्षकांना आमची एवढीच सूचना आहे. चित्रपट दाखविण्यापूर्वी तो स्वतः संपूर्ण पाहावा. एका बैठकीत सारा उरकू नये; एखादा भाग दाखवून थांबावे व शुभवर्तमानातील तोच उतारा वाचावा. मग स्पष्टीकरणाची घाई न करता प्रथम विचारावे: काय पाहिले? उत्तरात आसूडच आला, तर त्या मुलाला दटावू नये. प्रभूला आसूड मारण्याइतका राग लोकांना कशाचा आला होता, हे त्याला विचारावे. पापी व जकातदार यांच्या पंगतीपर्यंत ते मूल तेथून आपल्या पायांनी चालत जाईल.