चौतीस शब्द आणि एक संकोच

अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या पंधराव्या दुरुस्तीचे पहिले कलम म्हणजे एकच वाक्य आहे. मूळ इंग्रजीत 34 शब्दांचे. एका श्वासात म्हणून होते. मराठीत त्याचा आशय साधारण असा उतरेल: संयुक्त संस्थानांच्या नागरिकांचा मतदानाचा हक्क, वंश, रंग किंवा पूर्वीची दास्याची स्थिती या कारणावरून, संयुक्त संस्थानांकडून अथवा कोणत्याही राज्याकडून नाकारला जाणार नाही किंवा त्याचा संकोच केला जाणार नाही.

मराठीत आणताना एक गोष्ट मात्र हातून निसटते. आपले क्रियापद शेवटी बसते, त्यामुळे आपले वाक्य ‘जाणार नाही’ अशा निर्धारावर थांबते. इंग्रजी वाक्य ‘राइट’, म्हणजे हक्क, या शब्दापासून निघते आणि ‘सर्व्हिट्यूड’, म्हणजे दास्य, या शब्दावर येऊन थांबते. अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी 1869 मध्ये ते मंजूर केले आणि 3 फेब्रुवारी 1870 पर्यंत पुरेशा राज्यांनी त्याला संमती दिली. यादवी युद्ध संपून पाच वर्षेही झाली नव्हती. शब्दांच्या क्रमात एवढा अर्थ शोधणे कुणाला जास्तीचे वाटेल. पण पुढच्या शंभर वर्षांत दक्षिणेतल्या लाखो माणसांना याच वाटेने, हक्काकडून दास्याकडे, ढकलत नेले गेले, हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो शेवटचा शब्द ऐकू आल्यावाचून राहत नाही.

वाक्य कर्मणी प्रयोगातले आहे आणि नकारार्थी आहे. ते कुणाला काही देत नाही. काय होऊ नये, तेवढे सांगते. हक्क जणू आधीपासून तिथे आहेच, फक्त त्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा सूर आहे. मला या सुरात सुरुवातीला मोठी खानदानी वाटली होती. ज्याचे आहे त्याला ‘देतो’ म्हणण्याचा उद्धटपणा त्यात नाही. पण न्यायालयात हीच खानदानी अंगाशी आली. केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात 1873 साली नगरपालिकेची निवडणूक झाली. विल्यम गार्नर या कृष्णवर्णीय मतदाराचा दीड डॉलरचा पोल टॅक्स अधिकाऱ्यांनी घेतलाच नाही आणि कर भरलेला नाही म्हणून त्याचे मतही घेतले नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 मार्च 1876 रोजी न्यायालयाने सांगितले की, पंधरावी दुरुस्ती कुणालाही मताधिकार बहाल करत नाही. ती फक्त ठराविक कारणांवरून भेदभाव करायला मनाई करते. व्याकरणाच्या दृष्टीने न्यायालयाचे वाचन चूक नव्हते. मन मात्र ते मान्य करत नाही. आपल्या राज्यघटनेचा 326 वा अनुच्छेद निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील असे सरळ विधान करतो आणि मतदार म्हणून नोंदले जाण्याचा नागरिकाला हक्क आहे असे होकारार्थी म्हणतो. या दोन वाक्यांमध्ये ऐंशी वर्षांचे अंतर आहे. त्या ऐंशी वर्षांत नकारार्थी वाक्याचे काय झाले ते जगाने पाहिले होते.

कर्मणी प्रयोगात कर्ता मागे सरतो. इथे तो ‘कडून’ लावून येतो आणि दोनच कर्ते येतात: संघराज्य आणि राज्ये. मळ्याचा मालक त्यात नाही, रात्री तोंडावर फडके बांधून येणारा घोडेस्वार नाही. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी 13 एप्रिल 1873 रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोर्टहाउसमध्ये जमलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्या हत्यांबद्दल जे थोडे लोक दोषी ठरले होते, त्यांच्या शिक्षाही सर्वोच्च न्यायालयात त्याच 27 मार्चला ढासळल्या. कारण सांगितले गेले ते असे की, घटनेतली बंधने सरकारांवर आहेत, खाजगी माणसांवर नाहीत.

याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी वाचतो तेव्हा मला लेक्सिंग्टनचा तो दीड डॉलर आठवतो. जोतीरावांचे चुकले असे मला मुळीच वाटत नाही. त्यांनी दास्य मोडणाऱ्या कृतीला नमस्कार केला होता आणि ती कृती खरीच होती.

आता तीन कारणे. वंश, रंग, आणि पूर्वीची दास्याची स्थिती. ‘कलर’साठी कोशात ‘वर्ण’ हा शब्द सहज मिळतो. मी तो टाळला, कारण मराठी कानाला ‘वर्ण’ म्हटले की कातडीच्या आधी चातुर्वर्ण्य आठवते, आणि या वाक्यात बोलणे कातडीविषयीच आहे. तिसरे कारण तर वेगळेच रचले आहे. माणसाला ‘पूर्वीचा गुलाम’ म्हटलेले नाही. दास्य ही एक स्थिती आहे, तिच्यात माणसाला ठेवले गेले होते, आणि ती ‘पूर्वीची’ आहे. 1787 च्या मूळ घटनेने गुलाम हा शब्द लिहिण्याचेही टाळले होते. गुलामांना तिथे ‘इतर व्यक्ती’ म्हणून नोंदले होते आणि प्रतिनिधींची संख्या ठरवताना त्यांची तीन-पंचमांश मोजणी केली होती. तेराव्या दुरुस्तीने तो शब्द उच्चारला, तोही ती प्रथा बंद करण्यासाठी. पंधराव्यापर्यंत येताना ती ‘पूर्वीची’ झाली. साऱ्या वाक्यात काळ दाखवणारे एवढे एकच विशेषण आहे, आणि त्यावर हा मसुदा लिहिणाऱ्यांचा केवढा विश्वास होता!

त्यांनी खोडलेले शब्दही वाचायला हवेत. मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर हेन्री विल्सन यांनी मांडलेल्या मसुद्यात कारणांची यादी लांब होती: वंश आणि रंग यांच्याबरोबर जन्मस्थान, मालमत्ता, शिक्षण, धर्ममत. मतदानाबरोबर पद धारण करण्याचा हक्कही त्यात होता. विल्सन गरिबाघरचे, दहाव्या वर्षापासून शेतावर बांधील चाकर होते, पुढे जोडे शिवून पोट भरत. मालमत्ता आणि शिक्षण या दोन शब्दांचा काच त्यांना आतून ठाऊक होता. पण दोन्ही सभागृहांच्या समितीत ते शब्द गळाले. दक्षिणेमुळेच गळाले असे म्हणता येणार नाही. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटला आयरिश स्थलांतरितांना रोखणारी वाचनाची अट हवी होती, ऱ्होड आयलंडला परदेशात जन्मलेल्यांवरची मालमत्तेची अट हवी होती, कॅलिफोर्नियाला चिनी माणसाला मत द्यायचे नव्हते. उत्तरेने स्वतःसाठी ठेवलेल्या या फटींमधून मग दक्षिण सबंध बाहेर पडली.

1890 साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तीत वंशाचे नाव मतदानाच्या कलमात कुठेच नाही. दोन डॉलर पोल टॅक्स आहे, आणि राज्यघटनेचे कलम वाचता यावे किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा अशी अट आहे. अर्थ बरोबर सांगितला की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. मालमत्ता आणि शिक्षण, विल्सन यांचे खोडलेले दोन्ही शब्द इथे परतले, उलट्या कामासाठी. 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या तरतुदींच्या शब्दांत भेदभाव दिसला नाही. ‘या कारणावरून’ हे साधे शब्द. पण कारण कागदावर लिहिलेले नसेल तर ते नाहीच, असे मानले गेले. त्याच वर्षी लुइझियानाने आणखी एक युक्ती काढली. 1 जानेवारी 1867 रोजी ज्याला, किंवा ज्याच्या बापाला वा आजोबाला मताधिकार होता, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट नाही. म्हणजे पंधराव्या दुरुस्तीच्या आधीचा दिवस निवडून ‘पूर्वीची’ हे विशेषण त्यांनी मागच्या दाराने आत घेतले. 1896 साली त्या राज्यात 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1904 साली 1,342 उरले.

यातल्या कितीजणांना हक्क ‘नाकारला’ गेला? बहुतेकांना कुणी ‘नाही’ म्हटलेच नाही. म्हणूनच या वाक्याचे सगळे वजन मला ‘डिनाइड’ या शब्दात वाटत नाही. ते त्याच्या शेजारच्या शब्दात आहे. ‘अब्रिज’ म्हणजे कमी करणे, आखूड करणे. ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती काढतात तेही ‘अब्रिज’च. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘संकोच करणे’ म्हणतात. हा शब्द मला इंग्रजीपेक्षाही नेमका वाटतो. ताणलेले कातडे आकसते तसा हक्क आकसतो, हा त्याचा कायदेशीर अर्थ. आणि आपण रोज ज्या अर्थाने तो वापरतो, म्हणजे दारात पाऊल अडखळणे, आपण इथे यावे की नाही असे वाटणे, तो अर्थही त्याला चिकटूनच येतो. पहिला संकोच कायद्याने करायचा आणि दुसरा माणसाच्या मनात उतरवायचा, असाच तो सगळा कारभार होता.

फॅनी लू हेमर मिसिसिपीतल्या एका कापसाच्या मळ्यावर 18 वर्षे राबल्या. कृष्णवर्णीयांना नाव नोंदवून मत देता येते हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले ते 1962 साली, वयाच्या 44 व्या वर्षी. दुरुस्तीला तेव्हा 92 वर्षे झाली होती. संकोच याहून किती खोल जाणार? 31 ऑगस्टला त्या आणि आणखी 17 जण बसने इंडियानोलाच्या कोर्टहाउसमध्ये गेले. अर्जात मालकाचे नाव लिहायचे होते. मग राज्यघटनेचे एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायचा होता; हेमर यांच्या वाट्याला ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचे कलम आले. त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला, कारण बसचा पिवळा रंग जरा जास्तच पिवळा होता. घरी पोचल्या तोवर मालकाला बातमी लागली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्या रात्रीच त्यांनी मळा सोडला. जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि मत द्यायला गेल्या, तर पोल टॅक्सच्या दोन पावत्या हव्यात असे उत्तर मिळाले. या कहाणीत एकदाही कुणी त्यांना ‘तू काळी आहेस म्हणून नाही’ असे लिहून दिलेले नाही.

कधी संकोच अगदी भूमितीतलाही असे. अलाबामाने 1957 साली टस्कीगी शहराची हद्द बदलली. चौकोनी शहराची 28 बाजूंची आकृती झाली आणि सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे घर न हलवता शहराबाहेर गेले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधराव्या दुरुस्तीच्या आधारेच हे चालणार नाही असे सांगितले. तिथे ‘अब्रिज’ हा शब्द अखेर पूर्ण उंचीने उभा राहिलेला दिसतो.

या वाक्याची घडण इतकी पक्की आहे की अमेरिकेने ती पुन:पुन्हा वापरली. 1920 च्या एकोणिसाव्या दुरुस्तीत तेच वाक्य, फक्त शेवटी ‘लिंग’. सुसान अँथनी आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी 1869 सालीच हा शब्द का नाही म्हणून जुने सोबती फ्रेडरिक डग्लस यांच्याशी फारकत घेतली होती. त्या शब्दाला 50 वर्षे लागली. 1964 च्या चोविसाव्यात पोल टॅक्स, तोही फक्त संघराज्याच्या निवडणुकांपुरता. 1971 च्या सव्विसाव्यात 18 वर्षांवरील नागरिकांचे वय. अभंगाच्या ध्रुवपदासारखे ‘नाकारला जाणार नाही, संकोच केला जाणार नाही’ येत राहते आणि कडवे बदलते. होकारार्थी ध्रुवपद मात्र त्यांनी अजून रचलेले नाही, याची मला खंत वाटते.

दुसरे कलम छोटे आहे: योग्य कायद्याने या दुरुस्तीची अंमलबजावणी करण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. वाचताना नजर सहज पुढे सरकते. पण या बिनरंगी वाक्यातूनच 6 ऑगस्ट 1965 चा मतदान हक्क कायदा निघाला. सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. वाचनाच्या परीक्षा थांबल्या, केंद्राचे अधिकारी नोंदणीला बसले, आणि जुन्या खोडीच्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी पूर्वपरवानगी घ्यावी लागू लागली. मिसिसिपीत नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण 6.7 टक्क्यांवरून 1967 पर्यंत 59.8 टक्क्यांवर गेले. पहिले कलम तेच होते, एक अक्षर बदलले नव्हते. 25 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना पूर्वपरवानगी लागते हे ठरवणारे सूत्र जुने झाले म्हणून रद्द केले. ‘पूर्वीची’ हा शब्द या वेळी न्यायाधीशांच्या मनात होता असे मला निकाल वाचताना वाटते.

दुरुस्ती लागू झाल्याची अधिकृत घोषणा 30 मार्च 1870 रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय गावात थॉमस मंडी पीटरसन यांनी मत दिले. या दुरुस्तीखाली मत देणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. पुढे ते गावच्या शाळेत शिपायाचे काम करत. निवडणूकही मोठी नव्हती, गावच्या सनदेविषयी होती. 1884 साली गावकऱ्यांनी त्यांना एक सुवर्णपदक दिले, त्यावर लिंकन यांची प्रतिमा आहे. ते पदक आज लुइझियानात, न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठात, जपून ठेवलेले आहे.