‘काकपद’ कीं ‘फुली’?

जुन्या पोथींत ओळीमध्यें × किंवा + असें चिन्ह दिसलें कीं, शाळेंतील फुलीच्या संवयीनें तें शब्द रद्द केल्याची खूण मानण्यांत येतें. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. या चिन्हाचें नांव काकपद. यासच हंसपद असेंही म्हणतात. गळलेला मजकूर कोठें घालावा हें दाखविणें, हें त्याचें काम. मोनियर विल्यम्स याच्या १८९९ च्या कोशांतही हाच अर्थ दिला आहे.

नांव आकृतीवरून पडलें. बांद्यास तेरेखोल नदीच्या ओल्या कांठीं कावळ्याचें पाऊल पाहावें : तीन बोटें पुढें, एक मागें, आणि सर्व रेषा एका बिंदूंत मिळालेल्या. सुश्रुतानें कल्पस्थानांत विषबाधिताच्या मस्तकावर काकपदाकार छेद सांगितला आहे. रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याचा एक दोषही ‘काकपद’च. अर्थात् हा शब्द पोथीबाहेरही आकृतिवाचक होता. लॅटिन भाषेंत याच आकृतीस दहाच्या रोमन अंकावरून ‘देकुस्सिस’ म्हणत. आपल्याकडे पक्ष्याचें पाऊल उपयोगीं पडलें.

अक्षर रद्द करावयाचें तर त्यावर बहुधा हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्याचीच साक्ष देतो.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. काकपदास फुली समजणारा संपादक चिन्हाजवळचा शब्द वगळतो आणि समासांतील मूळ मजकूर प्रक्षिप्त ठरवितो; एका चुकीनें पाठ दोनदां बिघडतो. यास्तव नक्कल करतांना चिन्ह जसेंच्या तसें उतरावें, समासांत त्याचा जोडीदार शोधावा, तेथें ओळीचा अंक असल्यास तो वरून मोजला कीं खालून हें पाहावें, आणि मगच पाठ ठरवावा.