आख्यायिका आणि खतावणी

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री, लुसैलच्या मैदानावर, जादा वेळेचीही अखेरची घटका भरत आली असताना, फ्रान्सचा कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या गोलरक्षकासमोर एकटा सापडला आणि त्याने मारलेला चेंडू एमिलियानो मार्टिनेझच्या पसरलेल्या डाव्या पायावर आदळून परतला. तो पाय वीतभर इकडे किंवा तिकडे असता तर विश्वचषक फ्रान्सकडे गेला असता, हे निर्विवाद आहे. परंतु त्या रात्रीपासून इंग्रजीत आणि त्यामागोमाग मराठीत जे फुटबॉलविषयक लेखन होत आहे, त्याचे म्हणणे याहून पुष्कळ मोठे आहे. त्या लेखनाच्या मते लिओनेल मेसीचे थोरपण त्या रात्री सिद्ध झाले, वादाचा निकाल लागला आणि दप्तर बंद झाले. म्हणजे ज्या माणसाचा खेळ आपण अठरा वर्षे डोळ्यांनी पाहत आलो, त्याच्या योग्यतेचा निवाडा दुसऱ्या एका माणसाच्या डाव्या पायाने व्हावयाचा, आणि तो पाय चुकता तर तोच मेसी, तीच पावले आणि तीच नजर असूनही, दुय्यम ठरावयाचा! हा विचार मला सहन होत नाही, आणि केवळ तेवढ्या कारणाने मी हा लेख लिहावयास घेतला आहे.

या लेखनाची एक ठरीव रीत झाली आहे. खतावणीत रकाने आखावेत तसे प्रत्येक नामांकित खेळाडूच्या नावापुढे गोल, चषक आणि बॅलन डी'ऑर यांचे रकाने आखावयाचे, बेरजा मारावयाच्या आणि ज्याची बेरीज भारी पडेल त्याला युगपुरुष म्हणून जाहीर करावयाचे. ज्या काळी चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड होई, ज्या काळी मागून पायावर घाव घालणारा बचावपटू बहुधा पंचाच्या तोंडी समजेवर सुटे, आणि ज्या काळी विश्वचषकात जायबंदी खेळाडूच्या जागी दुसरा उतरविण्याची मुभाच नव्हती (ती १९७० साली मिळाली), त्या काळचे गोल आणि आजचे गोल एकाच रकान्यात बसवून त्यांची बेरीज करणे हे हिशेबाच्या दृष्टीनेदेखील नादुरुस्त आहे. कलेच्या दृष्टीने तर तो निव्वळ अन्याय होय.

पेलेचेच उदाहरण घ्या. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी माराकाना मैदानावर त्याने आपला हजारावा म्हणून गणला गेलेला गोल केला. तो पेनल्टीचा होता, आणि त्याविषयी त्या आकड्यावाचून सांगण्यासारखे फारसे काही नाही. त्यानंतर सातच महिन्यांनी, मेक्सिकोतील विश्वचषकात, त्याने चेकोस्लोव्हाकियाचा गोलरक्षक व्हिक्टर पुढे सरकलेला पाहून आपल्याच अर्ध्यातून चेंडू उंच टोलवला आणि तो खांबाच्या किंचित बाहेरून गेला. इंग्लंडविरुद्ध त्याने डोक्याने खाली मारलेला चेंडू बँक्सने अशक्यप्राय झेप घेऊन वरून बाहेर काढला. आणि उपान्त्य सामन्यात तोस्ताओचा चेंडू आला तेव्हा उरुग्वेचा गोलरक्षक माझुर्केविच अंगावर धावून येत असता पेलेने चेंडूला स्पर्शच केला नाही, चेंडू गोलरक्षकाच्या एका अंगाने जाऊ दिला, स्वतः दुसऱ्या अंगाने गेला, पलीकडे तो गाठला, आणि मारलेला फटका दूरच्या खांबालगतून बाहेर गेला. या तिन्ही प्रसंगांतून एकही गोल झाला नाही. खतावणीत त्यांची नोंद शून्य आहे. आणि तरीही पन्नासहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर फुटबॉलच्या रसिकाला पेले म्हटले की प्रथम हेच प्रसंग आठवतात, त्या हजारापैकी नऊशे गोल आठवत नाहीत. ज्या पद्धतीत पेलेचे हे वैभव गळून पडते, ती पद्धत पेलेविषयी काय सांगू शकणार?

मग आख्यायिका कोणाची होते? माझे उत्तर असे आहे की ज्याच्यासमोर उभे राहिल्यावर प्रतिस्पर्ध्याचे सारे शिक्षण अपुरे पडते, आणि ज्याच्या नंतर ते शिक्षणच बदलावे लागते, त्याची. गोलांचे मोल मला कमी करावयाचे नाही. परंतु गोल हे फळ आहे, आणि मी ज्या गोष्टीविषयी बोलतो आहे ती मुळाची आहे. तिचा सर्वांत स्वच्छ दाखला २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्लीवर मिळतो. हंगेरीने इंग्लंडला सहा विरुद्ध तीन असे हरविले, ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा घरच्या मैदानावरचा तो पहिला पराभव, हे सर्वांना ठाऊक आहे. पुश्काशने बिली राइटला तळव्याने चेंडू मागे ओढून कसे चकविले, हेही पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र त्या दिवशीचा खरा नायक हॅरी जॉन्स्टन वाटतो, कारण आख्यायिका जन्माला येत असताना तिच्यासमोर उभा असलेला साक्षीदार तो होता.

जॉन्स्टन इंग्लंडचा सेंटर हाफ. त्या काळच्या शिस्तीप्रमाणे प्रतिपक्षाच्या नऊ क्रमांकाच्या खेळाडूला, म्हणजे सेंटर फॉरवर्डला, सावलीसारखे चिकटून राहणे हे त्याचे काम, आणि ते त्याला चोख अवगत. त्या दिवशी हंगेरीचा नऊ क्रमांक एकतीस वर्षांच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर होता. पण हिदेगकुटी जॉन्स्टनजवळ येऊन उभाच राहिला नाही. तो मागे, मध्यरेषेच्या बाजूला, जेथे कोणत्याही सेंटर फॉरवर्डचे काम नाही अशा ठिकाणी रेंगाळत राहिला. आता जॉन्स्टनने त्याच्यामागे जावे, तर पाठीमागे जी पोकळी पडते तीत पुश्काश आणि कोचिश दोघे टपलेले. न जावे, तर हिदेगकुटीला मान वर करून सारे मैदान न्याहाळण्याची मोकळीक. पहिले मिनिट पुरे होण्याआधीच हिदेगकुटीने पहिला गोल केला, पुढे आणखी दोन केले, आणि जॉन्स्टन नव्वद मिनिटे त्याच एका प्रश्नाच्या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिला. त्याच्यात धैर्य कमी नव्हते, ताकद कमी नव्हती. त्याच्यापुढे टाकलेल्या प्रश्नाला त्याच्या विद्येत उत्तर नव्हते. त्यानंतर तो इंग्लंडसाठी पुन्हा कधीही खेळला नाही.

ही युक्ती हिदेगकुटीची एकट्याची नव्हे, हे मान्य केले पाहिजे. बुडापेस्टच्या एमटीके संघात मार्टोन बुकोव्हीने ती घडविली आणि हिदेगकुटीपूर्वी पालोताशने ती खेळून पाहिली. तिचे पूर्वजही आहेत. व्हिएन्नाचा माथियास झिंडेलार, ज्याला त्याच्या सडपातळ अंगलटीमुळे कागदी माणूस म्हणत, तोही पुढे धडका देण्याऐवजी मागे येऊन खेळ विणी, आणि ह्यूगो माइझलच्या ज्या संघाने १९३१ च्या मे महिन्यात स्कॉटलंडचा पाच गोलांनी फडशा पाडला त्याचे मर्म तेच होते. झिंडेलारला विश्वचषक लाभला नाही, हिदेगकुटीलाही लाभला नाही; १९५४ साली बर्न येथे अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीला तीन विरुद्ध दोन असे हरविले. पण वारसा पुढे चालला. रेआल माद्रिदचा आल्फ्रेदो दी स्तेफानो स्वतःच्या गोलपाशी चेंडू अडवी आणि तोच हल्ला प्रतिपक्षाच्या गोलपाशी पुरा करी. लागोपाठ पाच युरोपीय अंतिम सामन्यांत त्याने गोल केले आणि विश्वचषकाच्या मैदानावर तो एकदाही उतरला नाही. योहान क्रायफने ७ जुलै १९७४ रोजी म्युनिकला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, खेळ सुरू होताच, आपल्या साऱ्या सहकाऱ्यांच्या मागे जाऊन चेंडू घेतला आणि तेथून सरळ जर्मन गोलक्षेत्रात शिरला. त्याला पाडल्याबद्दल मिळालेली पेनल्टी नेस्केन्सने मारली, आणि त्या सामन्यात जर्मन खेळाडूचा चेंडूला झालेला पहिला स्पर्श म्हणजे सेप मायरने तो जाळीतून उचलला तो. हॉलंड तोही सामना हरले.

आणि मग २ मे २००९, माद्रिदचे बर्नाबेऊ. क्रायफच्या हाताखाली बार्सिलोनात वाढलेल्या ग्वार्डिओलाने उजव्या कडेच्या मेसीला मध्यभागी आणले आणि एटोला कडेला धाडले. समोर रेआल माद्रिदचे कानाव्हारो आणि मेट्झेल्डर. त्यांतला कानाव्हारो तर विश्वविजेत्या इटलीचा कर्णधार. मेसी मागे सरकला, आणि त्या दोघांच्या पावलांत छप्पन्न वर्षांपूर्वीच्या जॉन्स्टनची तीच चलबिचल उतरली: जावे की थांबावे? बार्सिलोनाने सहा गोल केले, त्यांतले दोन मेसीचे. मेसीच्या थोरपणाचा पुरावा ज्यांना हवा असेल त्यांनी त्या सामन्यातील कानाव्हारोचे पाय पाहावेत. लुसैलच्या साडेतेरा वर्षे आधी तो पुरावा दाखल झालेला आहे, आणि कोणाही गोलरक्षकाच्या पायावर तो अवलंबून नाही.

इतरांविषयी थोडक्यात. गेर्ड म्युलरने बासष्ट सामन्यांत अडुसष्ट गोल केले, चेंडू जाळीत ठोकण्याच्या कामी तो अजोड होता, आणि त्याच्यामुळे एकाही बचावपटूला आपली विद्या नव्याने शिकावी लागली नाही. क्रिस्तियानो रोनाल्डो हा परिश्रमाचा महामेरू आहे; दुसऱ्यांनी उघडलेल्या दारातून त्याच्याइतक्या वेगाने आत कोणी शिरले नाही, पण दार त्याने उघडले नाही. माराडोनाने २२ जून १९८६ रोजी अॅझ्टेकावर जे चार मिनिटांत दोनदा केले त्याची आख्यायिका झाली ती मुख्यतः अर्जेंटिना आणि इंग्लंड या दोन राष्ट्रांच्या वैराने. झिदान डोळ्यांना गोड होता.

यावर आक्षेप येईल तो मला माहीत आहे: आपल्या यादीत हरलेल्यांचीच गर्दी आहे, आणि खेळ तर जिंकण्यासाठी असतो. खेळ जिंकण्यासाठी असतो, यात शंका नाही. खेळाडूने जिंकण्यासाठीच खेळावे. परंतु समीक्षक खेळाडू नव्हे. निकाल सांगावयास पंचाची शिट्टी समर्थ आहे. शिट्टीने जे सांगता येत नाही ते सांगणे एवढेच समीक्षेचे प्रयोजन आहे, आणि तेच तिने सोडून दिले तर तिची गरज कोणाला? बर्न आणि म्युनिक येथे जिंकलेल्या संघांना त्यांच्या देशाने डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. पण पुढच्या पिढ्यांचे प्रशिक्षक धडे गिरवावयास बसले ते हरलेल्यांचे. हिदेगकुटीचा प्रश्न १९५३ साली पडला आणि २००९ साली पुन्हा तसाच पडला, ही एक गोष्ट माझ्या बाजूने पुरेशी आहे.

मराठी क्रीडालेखनाबद्दल मला विशेष खेद होतो, कारण आपल्याकडे पाहणारी नजर नाही असे मुळीच नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या बाहेर एका वृद्ध प्रेक्षकाला मी त्यांच्या तरुणपणीच्या एका आघाडीपटूविषयी विचारले होते. त्यांनी किती गोल झाले ते सांगितले नाही. चपलेच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली, ही डी, म्हणाले, आणि मग रेघेच्या बऱ्याच अलीकडे पाय रोवून म्हणाले, ‘‘सगळी तिथं वाट बघायची, आणि ह्यो हितं उभा असायचा.’’ हिदेगकुटीचे नाव त्यांनी ऐकले नसेल, पण समीक्षा ती हीच. पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहत वाढलेल्या या माणसाला जे दिसते ते छापील मजकुरात का उतरत नाही? तेथे रकाने कोण आणून बसवतो? परदेशी वृत्तसंस्थेचा तक्ता उतरवून घेणे सोपे असते आणि पाहिलेले शब्दांत मांडणे कठीण, म्हणून आपण सोप्याला समीक्षा म्हणू लागलो आहोत.

याची किंमत आपण आधीच मोजली आहे. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरविले आणि त्यांतले तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझाने केले. ऑलिंपिकमध्ये गोलांची त्रयी साधणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी तो एक, आणि सैयद अब्दुल रहीम यांच्या तालमीतला तो संघ चौथा आला. आकडे सारे शाबूत आहेत, एकही गहाळ झालेला नाही. आणि नेव्हिल डिसूझा कसा खेळत असे, हे आज महाराष्ट्रात किंवा गोव्यात किती जण सांगू शकतील? व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत बसणाऱ्या लेखकांनी झिंडेलारच्या चालीवर लिहिले म्हणून तो नव्वद वर्षांनी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या नेव्हिलचा तीन हा आकडा उरला आणि माणूस हरवला.

म्हणून वाचकांपैकी ज्यांनी, किंवा ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी, कूपरेजच्या मैदानावर त्याला प्रत्यक्ष पाहिले असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तो चेंडू कोणत्या पायाने थोपवी, बचावपटूच्या कोणत्या अंगाने निसटे, चेंडू जवळ नसताना कोठे उभा राही, जे आठवेल ते कागदावर उतरवून ठेवा, आणि ते छापावयास द्या. मेलबर्नच्या वर्षी जो प्रेक्षक वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीला टेकलेला आहे.