करुणाभास आणि अनपेक्षित हास्य

शोकान्त चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगी प्रेक्षकांना हसू फुटले, तर त्याचा दोष बहुधा दोहोंपैकी एकाच्या माथी मारला जातो : प्रेक्षक अरसिक होता, किंवा दिग्दर्शकाने भावनेचा अतिरेक केला. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. अतिरेक हेच हास्याचे कारण असते, तर शेवटच्या प्रवेशात रंगभूमीवर प्रेतांची रास पडणारे ‘हॅम्लेट’ प्रहसनांत जमा झाले असते. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

डेव्हिड सेल्झनिक यांनी निर्मिलेला व किंग व्हिडॉर यांनी दिग्दर्शित केलेला ‘ड्युएल इन द सन’ (१९४६) हा या दृष्टीने अभ्यसनीय चित्रपट होय. टेक्सासमधील मॅक्कॅन्लस या गुरांच्या बड्या मालकाच्या घरी पर्ल ही अनाथ तरुणी आश्रयास येते. धाकटा मुलगा लूट तिच्यावर बळजबरी करतो, लग्नास नकार देतो, आणि दुसरा कोणी तिच्याशी लग्न करू पाहताच त्याला ठार मारतो. पुढे तो आपल्या सख्ख्या भावावरही गोळी झाडतो. त्या भावाचे प्राण वाचावेत म्हणून पर्ल बंदूक घेऊन डोंगरात जाते. तेथे रणरणत्या उन्हात दोघे एकमेकांवर गोळ्या झाडतात. मग लूटच्या हाकेसरशी रक्तबंबाळ पर्ल खडकांतून सरपटत त्याच्यापर्यंत पोचते आणि दोघे परस्परांच्या मिठीत प्राण सोडतात. या चित्रपटाला ‘धुळीतली वासना’ अशा अर्थाचे टवाळीचे नाव पडले, ते आजतागायत टिकून आहे.

अशा हास्याची उपपत्ती आपल्या साहित्यशास्त्रात फार पूर्वी मांडली गेली आहे. अनौचित्याहून रसभंगाचे दुसरे कारण नाही, हे आनंदवर्धनाचे मत सर्वश्रुत आहे. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त त्यापुढचे पाऊल टाकले. जो ज्याचा बांधव नव्हे, त्याच्यासाठी त्याने शोक केला, तर तो करुण न राहता हास्यच होतो, असे तो म्हणतो. म्हणजे प्रश्न शोकाच्या मात्रेचा नसून अधिकाराचा आहे. प्रस्तुत चित्रपटात पर्लविषयी आपल्याला बांधवभाव वाटतो. लूटविषयी तो वाटावा असे काहीही कथेने घडविलेले नाही. तरीही संगीत, कडा आणि तप्त सूर्यप्रकाश यांच्या साह्याने दोघांनाही अमर प्रेमिकांच्या पदवीला चढविण्यात येते. जो जिव्हाळा कमावलेला नाही, त्याच्या नावावर अश्रू मागितले जातात. आणि प्रेक्षक हसून ती मागणी नाकारतो.

दुसरे कारण बर्गसाँच्या ‘हास्य’ (१९००) या ग्रंथात सापडते. मनाची व्यथा हा विषय असताना लक्ष देहाकडे वेधले गेले, की हसू येते. म्हणूनच शोकनाट्याचे नायक खातपीत नाहीत, भाषणाच्या मध्येच खाली बसतही नाहीत, असे त्याचे निरीक्षण आहे. पर्लचे सरपटणे इतके लांबते, की तिच्या मनातील द्वंद्व मागे पडून तिचे कोपर आणि गुडघे तेवढे पुढे येतात. ती पोचेल काय, एवढीच उत्कंठा उरते. आणि ही उत्कंठा शर्यतीची आहे, शोकाची नव्हे.

तथापि देहाचे हाल दाखविणे मूलतःच हास्यकारक आहे, असे मात्र नाही. स्ट्रोहाइमच्या ‘ग्रीड’ (१९२४) या मूकपटाचा शेवट पाहावा. डेथ व्हॅलीच्या वाळवंटात मॅक्टीग प्रतिस्पर्ध्याला ठार करतो आणि पाहतो, तो मेलेल्याच्या हातातील बेडी आपल्याच मनगटात अडकलेली! जवळ पाणी नाही. कागदावर ही कल्पना विनोदी वाटण्याजोगी आहे. पडद्यावर मात्र हसू येत नाही, कारण सोन्याच्या लोभाने माणसे परस्परांना कशी जखडून टाकतात हेच चित्रपट आरंभापासून दाखवीत आला आहे. ती बेडी म्हणजे त्याच कथासूत्राचे अखेरचे दृश्यरूप होय. शिवाय स्ट्रोहाइम येथे आपल्याकडे अश्रूंची याचना करीत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी बालपणी आईसोबत ‘ड्युएल इन द सन’ पाहिला. त्याचा शेवट आपल्याला डोळे उघडे ठेवून पाहवेना, असे त्यांनी १९९५ च्या आपल्या माहितीपटात सांगितले आहे. मग हास्य हा चित्रपटाचा गुणधर्म कसा मानावा? परंतु ही साक्ष बारकाईने पाहिली, तर ती उपरोक्त विवेचनाला पूरकच ठरते. त्या बालकाला जाणवले ते भय होते, शोक नव्हे. ज्यांनी आयुष्यभर परस्परांना जखमाच केल्या, त्यांना मरतानाही परस्परांपासून सुटका नाही, हे दृश्य खरोखर भयानक आहे. या शेवटाचा स्वाभाविक रस भयानक. चित्रपटाने त्यावर करुणाचा शिक्का मारला. जो मूळ रसापर्यंत पोचला तो हादरला. ज्याने शिक्का वाचला तो हसला.

म्हणून असे हास्य समीक्षकाने उपेक्षू नये, पण त्यालाच अंतिम निर्णयही मानू नये. कृतीने कोणता भाव घडविला आणि कोणता घडविल्याचा दावा केला, यांतील अंतर ते दाखविते. ते अंतर मोजणे हे समीक्षेचे काम आहे. नुसत्या हशाने ते होत नाही.